‘का?’ विचारणारं कुणी आहे का?

फ्लॅट बघताना आपण कार्पेट एरिया, पार्किंग, ईएमआय सगळं खोदून खोदून विचारतो. पण समोरचा रस्ता, बस, फूटपाथ? ते ठरतं महापालिकेत.

डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, तेव्हा सभागृहात निदान वाद तरी झाले. मी महापालिकेच्या बातम्या करू लागले, तेव्हा ते सभागृहच रिकामं! मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं मुख्य सभा, स्थायी समिती, दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे. प्रस्ताव प्रशासनाचा, मंजुरीही प्रशासनाचीच. ‘का?’ विचारणारं कुणी नाही.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता नगरसेवक भेटले, की गटाराइतकंच बसबद्दलही विचारा. वीस वर्षं ईएमआय आपणच भरणार आहोत ना?