गल्ल्यावर कोण बसणार?

‘सक्सेशन’ ही सिरियल कुणाला सुचवायची म्हणजे थोडी रिस्कच असते. दोन दिवसांनी मेसेज येतो, ‘काय भंगार लोक आहेत यार सगळे!’ नाहीतर मेसेजच येत नाही, कारण समोरचा रात्री तीनपर्यंत जागून सीझन संपवत असतो. अधलंमधलं कुणी नाही.

ही सिरियल एचबीओवर जून २०१८ मध्ये आली, तेव्हा अमेरिकेतही असंच झालं होतं. पहिल्या काही भागांवर समीक्षकांचं एकमत नव्हतं. एवढ्या श्रीमंत, एवढ्या लाडावलेल्या लोकांचं रडगाणं आम्ही का बघायचं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मग हळूहळू वारं फिरलं. चार सीझन, एकूण ३९ भाग, सर्वोत्तम ड्रामा सिरियलचा एमी पुरस्कार तीनदा, आणि मे २०२३ मध्ये शेवट. म्हणजे सिरियल संपून काही वर्षं झाली, पण माझ्या ओळखीत दर महिन्याला कुणी ना कुणी ती नव्यानं सुरू करतं आणि वाद पहिल्यापासून सुरू होतो.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोगन रॉय नावाचा एक म्हातारा. टीव्ही चॅनल, थीम पार्क, क्रूझ असा अवाढव्य पसारा. पहिल्या बायकोचा मुलगा कॉनर, नंतरची तिघं म्हणजे केंडल, रोमन आणि शिव. पहिल्याच भागात लोगनचा ऐंशीवा वाढदिवस असतो. आज आपल्या नावाची घोषणा होणार म्हणून केंडल तयारीत असतो आणि बाप सांगतो, इतक्यात नाही. झालं. पुढचे ३८ भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतात : खुर्ची कुणाला?

आता ‘फॅमिली बिझनेस’ आपल्या सिरियल्सना काही नवीन नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये गोखले गृहउद्योग होता. २०१८ मध्ये, म्हणजे ‘सक्सेशन’च्याच वर्षी, ‘तुला पाहते रे’ आली आणि तिच्यात सरंजामेंचं साम्राज्य होतं. पण तिथला बिझनेस म्हणजे काय? काचेची केबिन, एक फाइल आणि त्यावर कुणाची तरी सही! गिऱ्हाईक, उधारी, अडकलेला माल यातलं काही दिसलं तर शपथ. ‘तुला पाहते रे’वरूनही घराघरांत दोन तट पडले होते, पण भांडण होतं ते नायक-नायिकेच्या वयातल्या अंतरावरून, आणि नंतर पुनर्जन्माच्या ट्रॅकवरून. कंपनी कोण चालवणार यावरून आमच्या घरात तरी कुणी अवाक्षर काढलं नाही.

आणि आमचं घर तर दुकानावरच चालतं.

‘सक्सेशन’वर माझ्या ग्रुपमध्ये चार प्रकारचे अभिप्राय मिळाले. आयटीतला मित्र म्हणाला, ‘एवढा पैसा असून रडतात? माझा ईएमआय भरा, मी दाखवतो आनंदी कसं राहायचं ते.’ एचआरमधली मैत्रीण म्हणाली, ‘या बापाविरुद्ध माझ्याकडे किमान वीस तक्रारी आल्या असत्या.’ सीए मित्र बोर्ड मीटिंगचे सीन क्रिकेटची मॅच बघावी तसे बघत होता, कोण किती मतं फोडतोय ते बोटांवर मोजत. चौथा मित्र, ज्याच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे, तो मात्र काहीच बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, ‘तो केंडल बापासमोर उभा राहिला की खांदे पाडतो, बघितलंस?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही सिरियल आवडते की नाही हा चवीचा प्रश्नच नाही. बघणाऱ्याच्या घरी गल्ला आहे की पगाराची तारीख, यावर ते ठरतं. पगारदार घरातली पोरं म्हणतात, ‘यातलं कुणीच चांगलं नाही.’ दुकानदार घरातली पोरं म्हणतात, ‘हो, पण हे असंच असतं.’

माझ्या घरी पेठेत भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, आता बाबा आणि काका बघतात. पाटीवर आडनावापुढे ‘अँड सन्स’ आहे. शाळेच्या सुट्टीत मी तिथे पितळी डब्यांवर आणि ताटांवर मशीननं नावं घालायचे. दादाला म्हणजे चुलत भावाला ते कधी धड जमलं नाही, त्याच्या हातून ‘सौ.’ची मात्रा सुटायचीच. तरीही ‘पुढे हे सगळं दादाच बघणार’ हे आमच्याकडे इतकं गृहीत होतं, की ते कुणी मोठ्यानं म्हणायचीही गरज नव्हती.

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीची गर्दी उरकली, लक्ष्मीपूजन झालं आणि दुकानाला दोन दिवस उसंत मिळाली. मी घरच्यांना ‘सक्सेशन’ दाखवायला बसवलं. मध्ये मध्ये मराठीत सांगत होते, अर्थात शिव्या गाळून. (म्हणजे निम्मे संवाद गेलेच!)

पहिल्या भागाला बाबा म्हणाले, ‘म्हाताऱ्यानं बरोबर केलं. पोरगा अजून कच्चा आहे.’ काका म्हणाले, ‘अरे, पण स्वतःच्या मुलाला असं पाण्यात बघतात का?’ दोघं सख्खे भाऊ, तीस वर्षं एकाच दुकानात, आणि एका सीनवर दोन टोकं. आजोबांनी चाव्या बाबांकडे दिल्या होत्या, काकांकडे नाही, हे मला तेव्हा आठवलं. बहुतेक त्या दोघांनाही आठवलं असावं.

आई तोवर फराळाच्या डब्यांची झाकणं लावत होती. दुसरा सीझन सुरू झाला. बाप शिवला, एकुलत्या एका मुलीला, हळूच सांगतो की माझ्यानंतर तूच. आईनं डबा खाली ठेवला. पुढच्या भागांत तो मुलीला नुसता झुलवत ठेवतो, तेव्हा आई म्हणाली, ‘हा तिला काही देत नाही. बघा तुम्ही.’ आणि मग त्याच आवाजात, टीव्हीकडेच बघत : ‘आपल्या दुकानाचं काय ठरलंय?’

बाबांनी रिमोट घेऊन पॉज केलं. काका म्हणाले, ‘ठरायचंय काय त्यात? दादा आहे ना.’

दादा सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाइलवर होता. एकतीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, नुकतंच प्रमोशन झालेलं. तो मान वर न करता म्हणाला, ‘मला कधी विचारलंय कुणी?’

माझ्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं मला वाटायचं की आमच्या घरात माझं नाव यादीत नाही. पण दादाचं नाव यादीत होतं ते तरी त्याला विचारून कुठे घातलं होतं? बिनपरवानगीचंच ते, त्या डब्यांवरच्या नावांसारखं.

कायद्याचं म्हणाल तर आपण अमेरिकेतल्या रॉय कुटुंबापेक्षा बरेच स्पष्ट आहोत. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क दिला. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच राज्यापुरती अशी दुरुस्ती केली होती, फक्त तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. हे सगळं झालं वाट्याचं. पण गल्ल्यावर कोण बसणार, होलसेलवाला फोन कुणाला करणार, हे कुठल्या कलमात लिहिलंय? ते घरातच बोलावं लागतं. आणि नेमकं तेच आपण बोलत नाही, कारण वडील धडधाकट असताना असं विचारणं म्हणजे अपशकुन!

(पुढच्या परिच्छेदात शेवट सांगतेय. ज्यांना नको असेल त्यांनी डोळे मिटून खाली उतरा.)

शेवटच्या भागात केंडल खुर्चीवर हक्क सांगतो तो थोरला मुलगा म्हणून. थोरला खरं तर कॉनर, पण त्याला मोजतो कोण! निर्णय शिवच्या मतावर येतो, ती भावाच्या विरोधात जाते आणि खुर्ची मिळते तिच्या नवऱ्याला. यावर माझ्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात. अर्धे म्हणतात शिवनं दगा दिला, अर्धे म्हणतात बरं केलं. आई म्हणाली, ‘पोरी, तू पण शेवटी दुसऱ्यालाच बसवलंस.’

या सिरियलचा सगळ्यात भारी प्रेक्षक मात्र वेगळाच निघाला. रॉय कुटुंबात अनेकांना माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोक यांचं घर दिसतं. डिसेंबर २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं मर्डोकांच्या ट्रस्टच्या खटल्यातल्या निकालाची बातमी दिली. त्यात असं होतं, की लोगनच्या मृत्यूचा भाग बघितल्यावर मर्डोकांच्या मुलांमध्ये वडिलांनंतर काय करायचं याची चर्चा सुरू झाली, आणि मुलगी एलिझाबेथच्या प्रतिनिधीनं चक्क ‘सक्सेशन मेमो’ लिहून काढला. आपलीच नक्कल टीव्हीवर बघून त्यांना घाम फुटला! तरी प्रकरण कोर्टात गेलंच. सप्टेंबर २०२५ मध्ये तडजोड झाली, ताबा लॅकलनकडे राहिला आणि तीन भावंडांना पैसे देऊन बाजूला करण्यात आलं.

आमच्याकडे मेमो वगैरे काही नाही. पण भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी बाबा आणि काका कागदपत्रांची पेटी घेऊन बसले, आणि आम्हा दोघांनाही बोलावलं. पहिल्या तासात कळलं काय, तर दुकानाच्या भाड्याची पावती अजून आजोबांच्या नावावर येते. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. कुणाचीच हिंमत झाली नव्हती, कारण पावती बदलायची म्हणजे नाव कुणाचं हे ठरवावं लागणार.

ते अजून ठरलेलं नाही. दादा शनिवारी दुकानात येतो, बिलिंग कॉम्प्युटरवर घेतोय. त्याला काय हवंय हे त्याचं त्यालाही नीट माहीत नाही, पण आता ते त्याला विचारलं तरी जातं. उधारीची वही माझ्याकडे आलीय. लेखांचं मानधन वसूल करण्याचा दांडगा अनुभव असल्यानं ते काम मला बरं जमतं. मला दुकान हवंय का? प्रामाणिकपणे सांगते, अजून माहीत नाही. परवा काका पाटी रंगवायला देऊ म्हणत होते. बाबा म्हणाले, ‘जरा थांब.’

तर मंडळी, तुमच्या घरी दुकान असो, क्लिनिक असो, पोळीभाजी केंद्र असो की दोन खोल्यांचा क्लास, एखाद्या वीकेंडला ही सिरियल घरच्यांबरोबर बघाच. कुणाला कुणाचा राग येतो तेवढं नीट बघा, बाकीचं आपोआप निघेल. शिव्यांच्या वेळी आवाज कमी करा.

आणि रिमोट आईच्या हातात द्या.