शब्द, चित्र आणि आजीचा आवाज

सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे धरीत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. या परंपरेतील श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या कीर्तनातही शब्द, सूर आणि हावभाव हातात हात घालूनच येतात. पुढे १९९६ साली ‘न्यू लंडन ग्रुप’ या नावाने दहा अभ्यासकांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि साक्षरता म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे, चित्र, ध्वनी व हावभाव यांतूनही अर्थ घडविता आला पाहिजे, असे प्रतिपादन केले. हे वाचून आपल्याकडील जुन्या माणसांना फारसे नवल वाटू नये.

नवल वाटते ते याचे, की ही कला आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या मोबाईलमध्ये येऊन बसली आहे. आमच्या पांढुर्णा-सौसरकडे तर तिला एक निराळेच महत्त्व आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. इतक्या वर्षांत घरातली मराठी टिकून राहिली. शाळेतली वही मात्र हिंदीची झाली.

माझ्या पुतण्याची मुलगी पांढुर्ण्यास नववीत शिकते. ‘आपले गाव’ या विषयावर चित्र, आवाज आणि मजकूर यांची तीन मिनिटांची रचना करून आणावी, असे तिच्या वर्गाला सांगण्यात आले. तिने गोटमार निवडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. दरवर्षी माणसे जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत.

मैत्रिणींच्या मोबाईलमध्ये त्या दिवसाची रक्तबंबाळ दृश्ये हवी तेवढी होती. तिने त्यातले एकही घेतले नाही. रिकामे पात्र, काठावरचे दगड, बंद दुकाने, एवढीच चित्रे घेतली आणि त्यांवर आपल्या आजीचा आवाज ठेवला. आजी तरुणपणची गोष्ट सांगते. त्या दिवशी घरातल्या बायका दिवे लागेपर्यंत दारातून हलत नसत. आजोबांना उचलून आणले तेव्हा कपाळातून रक्त वाहत होते. “डोया वाचला बाई,” एवढे म्हणून ती थांबते. त्या थांबण्याच्या जागी मुलीने नदीचे पाणी दाखविले आहे.

रचनेसोबत एक टिपण लिहायचे होते: काय निवडले, काय वगळले आणि का. माझ्या मते सगळ्या खटाटोपाचा प्राण या टिपणातच आहे. चित्रण कोणीही करतो. कारण सांगताना मात्र मनाला कामास लागावे लागते. तिने लिहिले होते की जखमी माणूस कुणाचा तरी बाप असतो आणि आपण वर्गात दाखविले जाणार आहोत, हे त्याला ठाऊक नसते. पुढे लिहिले होते की ‘डोया’ हा शब्द सुधारून ‘डोळा’ करावा, असे एकाने सुचविले. पण मग तो आवाज आजीचा राहिला नसता.

आणखी एक गंमत त्यात होती. बाहेरगावाहून आलेल्या मॅडमनी विचारले, “गोटा तर साडीला लावतात ना?” हिंदीत गोटा म्हणजे जरीची किनार! तेव्हा या मुलीने वर्गाला सांगितले की आमच्या मराठीत गोटा म्हणजे दगड. गावाच्या नावाने गाजलेल्या उत्सवाचे नावच मराठीवाचून उलगडत नाही, हे तिला त्या दिवशी उमगले.

मात्र हे सारे टिपण हिंदीत होते. आजीची मराठी ध्वनीच्या वाटेने वर्गात शिरली, परंतु लेखणीपर्यंत पोहोचली नाही. हिंदीत पोळ्याचा ‘पोला’ होतो, तसा आपल्या भाषेतला ‘ळ’ मुलांच्या हातून हळूहळू निसटत आहे. आवाज जपून ठेवता येतो. पण जी भाषा केवळ ऐकली जाते आणि लिहिली जात नाही, तिच्यात नातवंडे विचार कशी करणार?

म्हणून महाराष्ट्राबाहेरील आपल्या कुटुंबांना एक सुचवावेसे वाटते. मुलांनी शाळेसाठी अशी काही रचना केली, तर कौतुक करून थांबू नये. “हेच चित्र का घेतलेस?” असे जवळ बसवून विचारावे आणि त्याचे उत्तर दोन ओळींत, मराठीत, त्यांच्याकडून लिहवून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल. ते लिहिताना ‘ळ’ कसा काढतात, हे त्यांनी घरातल्या कुणाला तरी विचारावे लागेल. आणि त्यांनी विचारावे, याहून मोठे भाग्य घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणते हवे?