ठिणगीचा माग

शेगडीचं बटण दाबून फिरवलं की टकटक सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला बर्नर निळा होतो. ही टकटक ठिणगीची असते. बर्नरच्या कडेला चिनी मातीच्या पांढऱ्या नळीतून धातूची एक बारीक कांडी डोकं वर काढून उभी असते. तिचं टोक आणि बर्नरची कड यांच्यामध्ये साधारण तीन ते पाच मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते. वीज ही फट उडी मारून ओलांडते, वाटेतली हवा एका क्षणात तापून फुगते आणि तिचा तडतडाट कानावर येतो. पावसाळी ढगांचा गडगडाटही याच कारणाने होतो. ओट्यावर तो बोटाच्या पेराएवढ्या जागेत मावतो.

हवा विजेला सहजी वाट देत नाही. एक मिलिमीटर हवा फोडायला ढोबळमानाने तीन हजार व्होल्टचा दाब लागतो, म्हणजे शेगडीतली फट ओलांडायला दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. घरातली वीज २३० व्होल्टची आणि शेगडीखाली बसवलेला सेल जेमतेम दीड व्होल्टचा. याउलट गॅस पेटायला लागणारी ऊर्जा अगदीच किरकोळ आहे. सिलिंडरच्या गॅसमधला प्रोपेन आणि हवा योग्य प्रमाणात मिसळलेली असली, तर एका मिलिजूलच्या चौथ्या हिश्श्याएवढी ठिणगीही पुरते. दाब प्रचंड आणि ऊर्जा चिमूटभर, असं हे गणित असल्यामुळे प्रज्वलकाचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे, बहुतेक बिघाडही चिमूटभर गोष्टींतून होतात. थोडी ओल, थोडी काजळी, नळीला गेलेला केसाएवढा तडा, एवढ्यावर अख्खी शेगडी अडून बसते. शेगडी बिघडली असं ठरवून नवी आणण्याआधी या बारीकसारीक गोष्टींकडे नीट पाहावं, कारण शेगडी सहसा तिथेच अडलेली असते.

ठिणगी दोन रीतींनी तयार होते आणि बिघाड शोधण्याआधी आपल्या घरात कोणती रीत आहे हे कळायला हवं. पहिली रीत दाबाची. १८८० मध्ये पॅरिसमध्ये झाक आणि प्येर क्यूरी या भावांना दिसलं, की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार जमा होतो. प्येर तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत क्वार्ट्झ, टूरमलीन, पुष्कराज होते आणि उसाची साखरही होती. स्वयंपाकघरात ठिणगी पाडणाऱ्या गुणधर्माच्या पहिल्यावहिल्या यादीत साखरेचं नाव असावं, ही विज्ञानाच्या इतिहासातली फार गोड जागा आहे. आजच्या लायटरमध्ये साखर नसते. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून भट्टीत भाजलेली एक छोटी कांडी असते. लायटरचा खटका दाबला की आतली स्प्रिंग आवळत जाते, एका टप्प्याला सुटते आणि हातोडी त्या कांडीवर आदळते. काही शेगड्यांच्या बटणामागेही हीच रचना बसवलेली असते. तिला सेल लागत नाही, प्लगची तार जोडावी लागत नाही. एका खटक्याला एक ठिणगी, एवढाच तिचा हिशेब.

दुसरी रीत विजेची. सेलमधली किंवा भिंतीतल्या प्लगमधली वीज एका बंद डबीत जाते, तिथे ती साठत जाते, पुरेशी साठली की रोहित्रातून तिचा दाब चढवला जातो आणि ती ठिणगी होऊन बाहेर पडते. मग पुन्हा साठवण, पुन्हा ठिणगी. बटण दाबून धरलं आहे तोवर हे चक्र चालतं. ओट्यात बसवलेल्या काचेच्या हॉबमध्ये बहुधा हीच सोय असते, आणि डबी सगळ्या बर्नरना मिळून एकच असल्यामुळे कोणतंही बटण दाबलं तरी ठिणग्या सगळीकडे उडतात. हा दोष नव्हे. उलट बिघाड शोधताना याचा मोठा उपयोग होतो.

दोन्ही रीतींत आवाज येतो, पण त्या आवाजांचे अर्थ वेगळे आहेत. खटक्याच्या रचनेत ऐकू येतो तो मुख्यतः हातोडीचा आवाज. ठिणगी पडो न पडो, तो येणारच. म्हणून लायटर खटखट वाजतो आहे म्हणजे तो चालू आहे, असं समजता येत नाही. विजेच्या रचनेत मात्र टकटक ही खुद्द ठिणगीची असते. टकटक ऐकू येते आणि बर्नरवर काही दिसत नाही, याचा अर्थ ठिणगी पडते आहे, पण भलत्या ठिकाणी.

हे ठिकाण अंधारात सापडतं. आधी गॅस रेग्युलेटरपाशी बंद करावा, खिडकी-दार उघडून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि कुठेही वास नाही याची खात्री करावी. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी, ओट्याखालच्या कपाटात रेंगाळतो. मुंबईत नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे चढतो. वास असेल तर परीक्षा तिथेच थांबवावी, विजेचं कोणतंही बटण चालू-बंद करू नये, बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावं. नळाचा गॅस असेल तर पुरवठादाराचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो. वास नसेल तर दिवा मालवून एकेक बटण दाबून पाहावं. चांगली ठिणगी निळसर-पांढरी, सरळ आणि ठसठशीत असते, कांडीच्या टोकापासून बर्नरच्या कडेपर्यंत जाते. नळीला तडा असेल तर निळा धागा त्या तड्यातून आडवा निसटताना दिसतो. दिवसाउजेडी बोटाला किंवा डोळ्याला न जाणवणारा तडा अंधारात असा स्वतःहून उजळतो. ठिणगी शेगडीच्या पोटातच कुठे तारेवरून पत्र्यावर उडत असेल, तर खालून क्षणभर झाक पडते.

आता बटणांची साक्ष घ्यावी. विजेच्या ठिणगीच्या हॉबमध्ये कोणतंही बटण दाबून कुठेच आवाज नाही, तर संशय सेलवर किंवा प्लगवर. सेल उलटा बसला आहे का, त्याच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली आहे का, खोबणीतली स्प्रिंग गंजली आहे का, हे पाहावं. टकटक येते पण ठोक्यांमधलं अंतर वाढलं आहे, तर सेल संपत आला आहे. साठवणीला वेळ लागतो म्हणून ठोके लांबतात. नवा सेल घालूनही सगळंच गप्प असेल, तर दोष डबीत किंवा तिच्याकडे जाणाऱ्या तारेत. पहिलं बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पण दुसरं दाबल्यावर पहिल्या बर्नरवरही ठिणगी पडते, तर पहिल्याची कांडी ठीक आहे, बटणाखालचा स्विच गेला आहे. कोणतंही बटण दाबा, बाकी बर्नर तडतडतात आणि एकच मुका राहतो, तर त्या एकाची कांडी, नळी किंवा तार तपासावी. खटक्याच्या शेगडीत ही ताडून पाहण्याची सोय नाही, कारण तिथे प्रत्येक बटणाची ठिणगी स्वतंत्र असते.

मुका बर्नर बहुतेक वेळा उतू गेल्याने मुका झालेला असतो. दूध, वरण, भाताची पेज, साबुदाण्याची खीर, हे सगळं वर येतं, कडेवरून उतरतं आणि नेमकं त्या कांडीपाशी जाऊन वाळतं. तिथे ते दोन परस्परविरोधी कामं करतं. कांडीच्या टोकावर वाळलेला थर विजेला अडवतो. नळीच्या अंगावर सांडलेलं तेच दूध आचेने जळून कोळसा होतं आणि कोळसा वीज वाहून नेतो. मग हवेतून उडी मारण्याऐवजी वीज त्या काळ्या ओघळावरून मुकाट खाली उतरते. ओलही असंच करते. पावसाळ्यात किंवा ओटा धुतल्यावर ठिणगी मलूल होते, ती नळीवर धरलेल्या पाण्याच्या पातळ थरामुळे. हवा दमट झाली म्हणून ती फोडणं विजेला फारसं जड जात नाही. नळीवरच्या ओलाव्यातून तिला आडवाट मिळते.

उपाय कोरडेपणाचा आणि हळुवारपणाचा आहे. हॉब प्लगवर असेल तर प्लग काढावा, शेगडी पूर्ण गार होऊ द्यावी. तापलेल्या चिनी मातीवर गार पाणी पडलं की तडा जातो, आणि पुष्कळ कांड्या अशाच घाईच्या साफसफाईत कामातून जातात. नळी ओलसर फडक्याने पुसावी, काळा डाग जुन्या टूथब्रशने काढावा, कांडीचं टोक बारीक पॉलिश पेपरने एक-दोनदा घासून चकचकीत करावं. कांडी वाकवू नये. फट वाढली तर ठिणगी ती ओलांडू शकत नाही आणि फार कमी झाली तर ठिणगी इतकी आखूड होते की गॅसला गाठत नाही. तारेची घासणी इथे वापरूच नये. तिचा एक तुटका तंतू फटीत अडकला की सगळी वीज त्यातून वाहून जाते. पुसून झाल्यावर सगळं पूर्ण वाळू द्यावं.

ठिणगी उत्तम आहे आणि तरी ज्योत नाही, अशी तक्रार प्रज्वलकाची नसते. गॅस, हवा आणि ठिणगी एकाच जागी, एकाच वेळी भेटल्याशिवाय काही पेटत नाही. सिलिंडरमधला गॅस हवेत साधारण दोन ते साडेनऊ टक्के असेल तेव्हाच पेट घेतो. बर्नरचं टोपण धुऊन परत ठेवताना खाचेत न बसता तिरकं बसलं, तर गॅस भलत्या बाजूने निघतो आणि कांडीसमोर पुरेसा येत नाही. कांडीजवळची दोन-तीन छिद्रं बुजली असतील, तरीही तेच. ती टाचणीने मोकळी करावीत. सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर गॅसच्या नळीतली हवा निघून जाईपर्यंत पहिल्या काही ठिणग्या वाया जातात. मात्र काही सेकंदांत पेटलं नाही, तर बटण बंद करून थांबावं. साचलेला गॅस उशिरा पेटला की भप्पकन ज्वाळा उठते आणि हात, भुवया, केस तिच्या वाटेत येतात.

ज्योत पेटते, पण बटण सोडताच विझते, हाही वेगळा विषय. ज्या हॉबमध्ये ज्योत विझताच गॅस आपोआप बंद होण्याची सोय असते, तिथे कांडीशेजारी दुसरी एक सळई दिसते. तिचं टोक तापलं की तिच्यात काही मिलिव्होल्ट वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर गॅसची झडप उघडी राहते. ती तापेपर्यंत बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. या सळईवर काजळी धरली, ती ज्योतीपासून सरकली किंवा खराब झाली, की ज्योत टिकत नाही. प्रज्वलक बदलून इथे काहीच साधत नाही.

बटण सोडल्यावरही टकटक थांबत नसेल, तर बटणाखालच्या स्विचमध्ये बहुधा पाणी शिरलं आहे. प्लग किंवा सेल काढून, बटण उपसून, पंख्याखाली वाळू द्यावं. वाळल्यानंतरही आवाज चालू राहिला, तर स्विच बदलावा लागतो. स्विच, डबी आणि आतली तार बदलण्याचं काम काचेचा हॉब उघडून करावं लागतं. ते शेगडी दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्यावं आणि कांडी त्याच मॉडेलची मागावी, कारण नळीची उंची थोडी चुकली तरी फट बदलते.

दुरुस्ती होईपर्यंत काडेपेटी किंवा हातातला लायटर चालतो. आधी काडी पेटवून बर्नरजवळ न्यावी, मग बटण फिरवावं. हा क्रम उलटू नये. लायटरचं तोंड तेलकट झालं असेल, तर ते कोरड्या फडक्याने पुसावं, पाण्यात बुडवू नये. दुरुस्तीनंतर प्रत्येक बर्नर एकेकटा पेटवून पाहावा, मग सगळे एकत्र, मग मंद आचेवर. ज्योत निळी आणि चोहोबाजूंनी सारखी असावी. दुरुस्तीत गॅसची नळी किंवा जोड हलला असेल, तर त्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, तेही बघून घ्यावं.