माळ्यावरची टकटक

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. लिहायला लाज वाटत होती हे खरं कारण. पण या पानाचे निम्मे वाचक नातेवाईकच आहेत आणि आज ना उद्या कळणारच, तेव्हा सांगून टाकतो. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची फिल्म माझ्या हातून बिघडली.

आमच्या ठाण्याच्या घरात, आई झोपते त्या खोलीच्या माळ्यावर, एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला मॉनिटर नाही, की-बोर्ड नाही. वीज आणि नेटवर्कची वायर, बस्स. घराण्यातले सगळे फोटो आणि कॅसेटवरून उतरवलेल्या फिल्मा त्याच्या ४ टीबीच्या डिस्कवर. माळ्यावर चढायला शिडी लागते आणि माझा गुडघा शिडीला घाबरतो. म्हणून त्याची देखभाल मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून करतो, लॅपटॉपवर, एसएसएचने. चहा पिता पिता डिस्क तपासायची. यात थोडी ऐट आहे, कबूल.

हार्ड डिस्क स्वतःची तपासणी स्वतःच करते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्मार्टसीटीएल नावाची आज्ञा देऊन सांगायचं, लांब चाचणी कर, आणि लॅपटॉप खुशाल मिटून ठेवायचा. चाचणी डिस्कच्या आत चालते, नेटवर्कवरून काही येत-जात नाही. ४ टीबीला साधारण आठ तास. मग निकाल विचारला की वर 'पास्ड' असं येतं आणि खाली आकड्यांचं लांबलचक कोष्टक. मी वरचा शब्द वाचायचो आणि दुसरा चहा टाकायचो. लांब चाचणी दर महिन्याला करायची असं ठरवलं होतं. शेवटची कधी केली ते डिस्कच्याच नोंदीत सापडलं. तिथे वेळ तासांत असते... दहा हजार तासांपूर्वी. भागाकार करून बघा, चौदा महिने होतात.

एप्रिलात आई म्हणाली, "अरे, तुझं ते माळ्यावरचं रात्री टकटक करतंय."

मी टेबलावरून पाहिलं. पास्ड. "काही नाही गं, पाल असेल."

"पाल चुकचुकते. हे टकटक करतंय."

पंधरा दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं तेव्हा कुठे मी कोष्टक नीट वाचलं. १९७ क्रमांकाच्या ओळीत शून्य असावं लागतं. तिथे २१६ होतं. डिस्कला वाचता येत नाहीत आणि सोडूनही देता येत नाहीत असे २१६ तुकडे. लांब चाचणी लावली तर ती दहा टक्क्यांतच 'वाचता आलं नाही' म्हणून थांबली. आणि वर? वर अजूनही पास्ड! त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की कंपनीने आखलेली धोक्याची रेघ अजून ओलांडलेली नाही. २००७ साली गूगलच्या तिघा अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी तापमान सोडता कुठलीच पूर्वसूचना दिली नव्हती. आमच्या डिस्कने बिचारीने दिली होती. आईला.

बॅकअप नव्हता का, असं तुम्ही विचारणार. फोटोंचा होता, ते सगळे शाबूत आहेत. पण मिनी-डीव्हीची तासाभराची एक कॅसेट १३ जीबी खाते आणि दुसरी डिस्क २ टीबीचीच. म्हणून रोजच्या नकलेतून फिल्मांचं फोल्डर मी वगळलं होतं, नवी मोठी डिस्क आली की घेऊ म्हणून. ती एका ओळीची सूचना मीच लिहिलेली आहे, तारखेसकट.

मग नवी डिस्क आणली. भाच्याने शिडी धरली, मी चढलो. मे महिन्यातला बंद माळा म्हणजे भट्टी, डिस्क ५४ अंशांवर. नवी जोडून खाली आलो आणि टेबलावरून डीडीरेस्क्यू लावला. हा प्रोग्रॅम शहाणा आहे. आधी सोपं सोपं वाचून घेतो, अडलेलं कुठे आहे त्याचा नकाशा ठेवतो आणि मग एकेका अवघड जागेकडे परत जातो. दोन रात्री टकटक आणि पडद्यावर हळूहळू उतरणारा आकडा. तिसऱ्या रात्री चारच्या सुमारास आई खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "थांबलं रे."

डिस्क दिसेनाशी झाली होती. ६१ एमबी राहून गेले. चार टीबीत ६१ एमबी म्हणजे काहीच नाही, असं मी सकाळपर्यंत स्वतःला समजावलं. पण ते जवळजवळ सगळे एकाच फाइलमध्ये निघाले, आणि अशा फिल्मेत ६१ एमबी म्हणजे सतरा सेकंद. आजी पाटावरून उठते, पदर सारखा करते, सगळे "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून ओरडतात, ती तोंड उघडते... आणि हिरवे चौकोन. मग टाळ्या.

उखाणा कुणालाच पूर्ण आठवत नाही. आई म्हणते चंद्रावरून सुरुवात होती. हे तर मीही सांगितलं असतं.

तर पुण्याच्या काकू, २००६च्या दिवाळीत सीडी करायला म्हणून तुम्ही मूळ कॅसेट नेली होती. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, वर आईच्या अक्षरात 'आजी ८१' लिहिलेलं. कपाटात नसेल तर शिवणाच्या डब्यात बघा. कॅमेरा माझ्याकडे आहे, कालच चार्ज करून पाहिला, चालतो. कुरिअरने नको पाठवू. मी येतो घ्यायला.