यष्टीवरचा रुपया

रमाकांत आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच क्रिकेट सामना खेळले; परंतु दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांनी कितीतरी खेळाडू घडविले. फलंदाज थकू लागला की सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. त्याला बाद करील त्या गोलंदाजाचे ते नाणे. अखेरपर्यंत नाबाद राहिला तर फलंदाजाचे. सचिन तेंडुलकरने अशी १३ नाणी जपून ठेवली. सरांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री लाभली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले.

आपल्यामागून येणारा मोठा होताना पाहून आनंदणे, हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा मार्ग. प्रत्येक खऱ्या गुरूचा तोच.

आमच्या जव्हार-मोखाड्यात दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात, आणि वर्गातली मुले त्यांच्याबरोबर निघून जातात. थकलेल्या फलंदाजाला खेळपट्टीवर टिकविणे अवघड. पोटासाठी निघालेल्या घरातले मूल शाळेत टिकविणे त्याहून अवघड. तेथे रुपया पुरत नाही. रोज वाट पाहणारा शिक्षक लागतो. असा एक तरी शिक्षक प्रत्येक पाड्याला लाभो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.