थोडा यंदा, थोडा पुढच्या दिवाळीला

मुलांनो, कंपनीचं नावच नसलेला कॉम्प्युटर तुम्ही कधी पाहिलाय? पुढे नाही, मागे नाही, उलटा करून पाहिला तरी नाही. आमच्या मुलुंडच्या घरात १९९५ साली आलेला पहिला कॉम्प्युटर तसा होता. कॅबिनेट एका दुकानातलं, मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातला, कीबोर्ड तिसऱ्या. कुणी विचारलं, "कुठल्या कंपनीचा हो?" की बाबा ऐटीत सांगायचे, "लॅमिंग्टन रोडचा!"

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच लॅमिंग्टन रोडला पुन्हा जायचा योग आला, तो बोरिवलीच्या भाचीमुळे. तिच्याकडचा कॉम्प्युटर दहा वर्षांचा. "मामा, मी बटण दाबून आंघोळीला जाते. परत येते तरी तो आपला गोल गोल फिरतोच आहे," ही तिची तक्रार. त्यातच १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मुदत संपली, आणि विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर चढायला तयार नाही. भाची दहावीत, क्लासची फी नुकतीच भरलेली. ताईने सरळ सांगून टाकलं, "नवीन यंदा जमणार नाही. आणि हा भंगारवाल्याला देऊन टाका, टेबल तरी मोकळं होईल." भाचीचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, "भंगारवाला कुठे पळून जात नाही. आधी आपण बाजारात जाऊन येऊ."

आम्ही शनिवार धरला. रविवारी गेलात तर बरीचशी दुकानं बंद दिसतील. बोरिवलीहून फास्ट लोकलने मुंबई सेंट्रल, तिथून स्लो गाडीने एकच स्टेशन, ग्रँट रोड. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडायचं आणि थोडं चालायचं. रस्त्यावरच्या पाटीवर 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असं लिहिलेलं दिसेल, पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगितलंत, तर तो उलट विचारेल, "मतलब लॅमिंग्टन रोड?" लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात उधमसिंगांचा धडा असेल, तर त्यातल्या १९४० सालच्या लंडनच्या सभेत, जिथे ओडवायरला गोळ्या लागल्या, तिथेच हे लॅमिंग्टनसाहेबही जखमी झाले होते. रस्त्याला नाव दिलेला माणूस असा अचानक दुसऱ्याच धड्यात भेटतो!

हा रस्ता एके काळी सिनेमाचा. इथल्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ साली 'शोले' लागला तो पाच वर्षं हलला नाही. त्याच रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती. रेडिओमागून टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, आणि मग कॉम्प्युटर. दुकानं कसली, काउंटरच म्हणा ना! एका गाळ्यात चार-चार. एकाकडे नुसत्या केबल, दुसऱ्याकडे नुसते पंखे. आज कॅमेरे आणि रंगीत दिवे लावलेली कॅबिनेटं जास्त दिसतात, पण "बोलो साब, क्या चाहिये?" हा आवाज मात्र तोच.

आता तुम्ही विचाराल, सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडता येतो हे लोकांना सुचलं कसं? स्कूटर कुणी घरी जोडत नाही, फ्रीज जोडत नाही! याचं उत्तर अमेरिकेत आहे. आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. तो घाईने करायचा होता, म्हणून त्यांनी बाहेर तयार मिळणारेच भाग वापरले, आत जादा कार्डं खोचायला पाच खाचा ठेवल्या आणि सगळ्या जोडणीचे नकाशे पुस्तकात छापून विकले. मग काय, इतर कंपन्यांनी तसेच कॉम्प्युटर बनवायला सुरुवात केली आणि त्यांना लागणारे भाग बनवणारे जगभर झाले. कुणाचाही भाग कुणाच्याही यंत्रात बसू लागला. तैवानचा बोर्ड, सिंगापूरची डिस्क, आणि त्यांचं लग्न लागायचं मुलुंडला!

बाबांनी वहीच्या कागदावर यादी केली होती. पैसे दोन ठिकाणचे: त्यांचा दिवाळीचा बोनस आणि आईची भिशी. आईला खरं तर त्या पैशांत वॉशिंग मशीन हवं होतं. ती काही बोलली नाही, पण यादीतली एकेक ओळ तिने वाण्याच्या बिलासारखी तपासली. "हे आत्ताच हवं का? नंतर लावता येईल का?" असं ती प्रत्येक ओळीला विचारायची. मला आज वाटतं, कॉम्प्युटर जोडताना विचारायचे प्रश्न हे दोनच. मदरबोर्ड आणि मॉनिटर नंतर सहज बदलत नाहीत, तेव्हा ते चांगले घ्यायचे. साउंड कार्ड नंतर. सीडी ड्राइव्ह नंतर. प्रिंटरवर तर तिने काटच मारली. रॅम घेतली फक्त ४ एमबी. विंडोज ९५ त्याच वर्षी २४ ऑगस्टला आलं होतं आणि त्याला कमीत कमी तेवढी लागायची. कमीत कमी म्हणजे अगदी रडतखडत.

मुलुंडहून दादर, तिथला तो माणसांनी भरलेला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. येताना मॉनिटर होता. तेव्हाचे मॉनिटर काचेच्या जाड नळीचे, हवेलीच्या उंबऱ्यासारखे जड. आम्ही लगेजच्या डब्यात चढलो. एका कोळीण मावशींनी आपली पाटी सरकवून त्या खोक्याला जागा करून दिली आणि विचारलं, "टीव्ही काय रे?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." त्या म्हणाल्या, "मग नीट धर की!"

जोडायला तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. त्यांनी पहिलं काम सांगितलं ते हात धुण्याचं नव्हे, तर लोखंडी कपाटाला हात लावण्याचं. अंगावर साठलेली स्थिर वीज रॅमला सोसत नाही, ती आधी कपाटात सोडून द्यायची. मग एकेक भाग. हार्ड डिस्कच्या पट्टीसारख्या केबलची लाल कडा एक नंबरच्या पिनकडे. वीज देणारे दोन प्लग शेजारी-शेजारी बसवायचे तर दोन्हींच्या काळ्या तारा मधे, एकमेकींना लागून. उलटे बसले तर मदरबोर्ड गेलाच. "काळीला काळी," काका मंत्रासारखं म्हणत होते. पुढच्या बाजूला ६६ हा आकडा चमकायचा. तो आकडा कॉम्प्युटर मोजून दाखवतो असं मी वर्गात सांगत फिरलो. पुढे कळलं की मागच्या बारीक पिना बदलून तिथे कुठलाही आकडा आणता येतो!

रात्री साडेनऊला तो सुरू झाला. काका गेले. आणि मी, वय वर्षं तेरा, मागे वाकून बघितलं. पंख्याशेजारी एक छोटं लाल बटण होतं. बाजूला आकडा २३०. सरकवलं की दिसायचं ११५. मला वाटलं, हे वेगाचं असणार. काहींच्या पंख्याला असतं ना, तसं. कॉम्प्युटर बंद असताना मी ते सरकवून ठेवलं आणि सकाळी बाबांनी बटण दाबलं.

'फट्ट' असा आवाज झाला. जळका वास सुटला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. अमेरिकेसारख्या देशांत ती निम्म्या व्होल्टची असते. ते बटण म्हणजे यंत्राला 'तू कुठल्या देशात आहेस' हे सांगणारं. मी त्याला अमेरिकेत पाठवलं होतं! बोनस आणि भिशी एका आवाजात गेली, असंच आम्हा तिघांना वाटलं. मी सगळं कबूल केलं. बाबांनी मारलं नाही, बोललेही नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

संध्याकाळी काका आले. त्यांनी वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तेवढा सोडवला आणि दुसरा जुना आणून जोडला. स्क्रीन उजळला. बोर्ड शाबूत, डिस्क शाबूत, रॅम शाबूत. मेला तो फक्त एक डबा, सगळ्या यादीतला जवळजवळ सर्वांत स्वस्त. बाबा सोमवारी ऑफिसातून परस्पर ग्रँट रोडला जाऊन नवा घेऊन आले. (हा डबा मात्र तुम्ही कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर घरच्या वायरिंगला अर्थिंग नाही असं समजून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.)

१९९६ च्या दिवाळीला आम्ही रॅम घ्यायला गेलो आणि चकितच झालो. गेल्या वर्षी ४ एमबीला मोजलेल्या पैशांत १६ एमबी येऊन वर सुटे उरत होते. झालं होतं असं, की विंडोज ९५ मुळे मागणी वाढणार म्हणून जगभर चिपचे कारखाने वाढले, माल गरजेपेक्षा जास्त झाला आणि भाव कोसळले. त्या दिवशी आईचा "नंतर लावता येईल का?" हा प्रश्न घरात एकदम थोर ठरला. पुढच्या वर्षी सीडी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड आलं, आणि तोवर मुका असलेला कॉम्प्युटर गाऊ लागला. वॉशिंग मशीनही त्याच वर्षी आलं, हे सांगायला हवं.

पावसाळ्यात मात्र हा पाहुणा आजारी पडायचा. बटण दाबलं की स्क्रीन काळा आणि आतून पीं, पीं, पीं. मुंबईच्या दमट हवेने रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात मळायचे. औषध काय माहितेय? खोडरबर! प्लग काढायचा, पट्टी बाहेर काढायची, दात हलक्या हाताने खोडरबराने पुसायचे, भुगा फुंकून टाकायचा, पुन्हा 'टक' आवाज येईपर्यंत बसवायची. आमच्या सोसायटीत मी या कामाला डॉक्टर म्हणून जायचो. फी एक चॉकलेट.

१९९९ साली नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर आला. जुना बोर्ड त्याच्या कॅबिनेटसकट घाटकोपरला आत्याकडे गेला आणि आतेभाऊ त्याच्यावर दोन वर्षं टायपिंग शिकला. मॉनिटर, डिस्क, सीडी ड्राइव्ह आमच्याकडेच राहिले. आता सांगा, आमचा पहिला कॉम्प्युटर कुठला? मुलुंडचा की घाटकोपरचा?

तर ही सगळी कहाणी भाचीने लोकलमध्ये ऐकली. काउंटरवर पोचल्यावर तिनेच फोन पुढे केला, त्यात मदरबोर्डचा फोटो होता. दुकानदाराने फोटो मोठा करून बघितला. "बेटा, ये डीडीआर थ्री है. फोर नहीं लगेगा." दोन पट्ट्या शेजारी ठेवून त्याने तिला दाखवलं: खालची खाच दोन्हींत वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून ती तशी ठेवलेली. आम्ही ४ जीबीची एक वापरलेली पट्टी घेतली आणि २४० जीबीची एसएसडी. दोन्ही मिळून तिच्या एका महिन्याच्या फीपेक्षा कमी. बिल घेतलं, आणि भागावर चिकटवलेलं तारखेचं स्टिकर काढायचं नाही हेही तिला बजावलं, कारण ते निघालं की वॉरंटी संपली.

"पण हा एवढासा तुकडा लावून काय होणार?" ती परतीच्या गाडीत म्हणाली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, सेकंदाला १२० फेऱ्या, आणि एक सुई हवी ती जागा शोधत पुढे-मागे पळते. सुरू होताना हजारो बारीक फायली हव्या असतात, म्हणजे हजारो हेलपाटे. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे हेलपाटेही नाहीत. तिने ते खोकं हातात घेऊन हलवून पाहिलं. आवाज आला नाही. मॉनिटरला लगेजचा डबा लागला होता, हे तिच्या शर्टाच्या खिशात मावलं.

घरी आम्ही आधी तिचे सगळे फोटो आणि प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर उतरवले. एसएसडीवर लिनक्स घालायचं ठरलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रांना नाकं मुरडत नाही. कॅबिनेट उघडलं, तिने न सांगता लोखंडी कपाटाला हात लावला, पट्टी 'टक' बसली. अडलं ते शेवटी एका क्षुल्लक गोष्टीवर. एसएसडी घट्ट करायला स्क्रू नव्हते. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, ते त्यात शिरेनात.

मी पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. १९९५ पासूनचे उरलेले सगळे स्क्रू त्यात आहेत. तिने तो वर्तमानपत्रावर ओतला आणि एकेक लावून पाहू लागली. बरोब्बर बसले ते चार बारीक आट्यांचे स्क्रू, आमच्या पहिल्या फ्लॉपी ड्राइव्हचे.

"मामा, फ्लॉपी म्हणजे?" तिने स्क्रू पिळता पिळता विचारलं. दारात उभी असलेली ताई म्हणाली, "ते नंतर सांग रे, आधी तो चालू होतोय का बघू दे!"