चाकावरची नक्षी

बैलगाडीच्या आणि सायकलच्या चाकात फरक काय, असे कोणी विचारले तर आपण 'एक लाकडी, दुसरे लोखंडी' म्हणून मोकळे होतो. खरा फरक निराळाच आहे. गाडीचा लाकडी आरा खांबासारखा भार पेलतो. सायकलचा स्पोक तर बोटांनी वाकतो. त्याला खांब होणे कसे जमावे? म्हणून सगळे स्पोक आधीच कडक ताणून ठेवतात. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या स्पोकाचा ताण क्षणभर उतरतो, पुन्हा चढतो. रोड बाईकचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४७५ वेळा फिरते आणि प्रत्येक स्पोक तितक्या वेळा हे सोसतो. तुटतो तो बहुधा हबपाशी, वाकवलेल्या मानेत, आणि एकदम भार पडून नव्हे, तर असा दमून दमून.

शहापुरातल्या आमच्या छोट्या दुकानात बाबा चाके बांधतात आणि कॉलेज सुटल्यावर मीही बांधते. (मुलगी चाक बांधते म्हटल्यावर काही गिऱ्हाइके आधी बाबांकडे पाहतात. पाहोत बापडी!)

गेल्या दिवाळीनंतर आमच्याच कॉलेजातला एक मुलगा नवे हब, नव्या रिमा घेऊन आला. दोन्ही चाकांना त्याला हिमकणाची नक्षी हवी होती. यात दोन-दोन स्पोक मध्यावर एकमेकांभोवती पिळून मग रिमला नेतात. उभ्या सायकलवर ती फार सुरेख दिसते आणि मला ती बांधून पाहायची होती, हे खरे. पण त्याला चोर्ला घाटाने गोव्याला उतरायचे होते. बाबा म्हणाले, "नाही."

दुकानाचे भाडे थकले होते. मी बाबांना बाजूला घेऊन म्हटले, "मागचं आपल्या रीतीनं बांधू, पुढचं त्याच्या." पायडलचा जोर मागच्याच चाकाला न्यावा लागतो. हबला तिरके लावलेले स्पोक तो जोर लगेच ओढून नेतात. जेम्स स्टार्लीने १८७४ साली इंग्लंडात या रीतीचे पेटंट घेतले आणि आजही ती टिकून आहे. सरळ किरणांसारखे स्पोक लावले, तर हब थोडा पिळल्याशिवाय ओढच बसत नाही. पुढच्या चाकाला ते काम नाही, आणि त्याचा ब्रेकही रिमवर दाबणारा होता.

बाबा म्हणाले, "आणि उतारावर बिघडलं तर कुठलं चाक तोंडावर पाडतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पिळलेल्या जोडीतला एक तुटला की दुसराही ढिला पडतो. मुलगा रुसला, सामान घेऊन दुसरीकडे गेला. भाड्यासाठी आईने भिशीचे पैसे काढले; त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

तो गोव्याला जाऊन सुखरूप परत आला. एकही स्पोक तुटला नाही, हे लिहिलेच पाहिजे. पुढचे चाक मात्र चांगलेच आउट झाले होते आणि ज्याने बांधले त्याला ते सरळ करता येईना. एका स्पोकाचे निपल फिरवावे तर जोडीदार हलतो, पीळ सरकतो आणि कालची जागा आज राहत नाही. "काका, बघता का?" म्हणत तो बाबांपुढे उभा राहिला. बाबांनी चाक माझ्या हातात दिले.

आउट काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या. बाबांनी मजुरी नेहमीचीच घेतली आणि म्हणाले, "पुन्हा घाटात जायच्या आधी आणून दाखव."